दोनशे दोन फेऱ्यांचा हिशेब

१ डिसेंबर १९६३, रविवार. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरातला अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक. शर्यत शंभर मैलांची, म्हणजे दोनशे फेऱ्यांची. शेवटच्या पंचवीसेक फेऱ्या उरल्या असताना ३४ क्रमांकाच्या शेव्हरोलेने रिचर्ड पेटीच्या गाडीला मागे टाकलं आणि पुढे तिला कुणी गाठलं नाही. दोनशेवी फेरी पूर्ण झाली, पण झेंडा हलला नाही. दोनशे एकावी झाली, तरीही नाही. दोनशे दोनाव्या फेरीला चौकटींचा झेंडा हलला तो बक बेकरच्या गाडीसाठी. बेकरला विजेता म्हणून पुकारलं गेलं, त्याच्या हाती चषक आला, फोटो निघाले. ३४ क्रमांकाच्या गाडीतला माणूस उतरला आणि निकाल फेरतपासावा अशी मागणी करू लागला. प्रेक्षक पांगले, मैदान रिकामं झालं, आणि मग कित्येक तासांनी अधिकाऱ्यांनी मान्य केलं की पहिला आला होता तो वेंडेल स्कॉट, तोही दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीवर दोन फेऱ्यांची आघाडी घेऊन. बक्षिसाची रक्कम त्याला मिळाली. चषक घेऊन बेकर तोवर निघून गेला होता. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेत कृष्णवर्णीय माणसाने मिळवलेला हा पहिला विजय, आणि तो पाहायला ट्रॅकवर कुणी उरलं नव्हतं.

मोटार शर्यतीबद्दल एक गोष्ट तिचे चाहते मोठ्या अभिमानाने सांगतात. नृत्यात परीक्षक असतात, मुष्टियुद्धात पंचांचे गुण असतात, क्रिकेटमध्ये निवड समिती असते. इथे मात्र निकाल घड्याळ लावतं, आणि घड्याळाला माणसाचा रंग दिसत नाही. हेल्मेटच्या आत चेहरा कुणाचा आहे याच्याशी इंजिनाला देणंघेणं नसतं. हे म्हणणं खोटं नाही. पण वेंडेल स्कॉटची तेरा हंगामांची कारकीर्द तपासली तर दिसतं की ते अपुरं आहे, आणि अपुरं असल्यामुळेच फसवं आहे. घड्याळ निष्पक्ष असतं ते झेंडा हलल्यापासून झेंडा हलेपर्यंत. शर्यतीत नाव कोण नोंदवून घेतो, गाडी तपासणीतून कोण सोडतो, चांगलं इंजिन कुणाला मिळतं, फेऱ्या कोण मोजतो आणि मोजून झाल्यावर निकाल कधी जाहीर करतो, हे सगळं घड्याळाच्या आधी आणि नंतर घडतं. स्कॉटवरचा अन्याय या जागांमध्ये झाला. म्हणून त्याची कहाणी निव्वळ जिद्दीची कहाणी म्हणून सांगितली की तिच्यातला महत्त्वाचा भाग हरवतो.

स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून कुणालाही विकत घेता येईल अशी साधी गाडी. ती पळवण्याचा खेळ अमेरिकेच्या दक्षिणेत रुजला त्यात हातभट्टीच्या दारूचा वाटा मोठा होता. ॲपलाचियन डोंगरांत गाळलेली बेकायदा दारू रात्रीच्या अंधारात शहरांपर्यंत पोचवायची, तीही पोलिसांना आणि अबकारी अधिकाऱ्यांना चुकवून. त्यासाठी बाहेरून साधी दिसणारी आणि आतून दांडगी गाडी लागायची. मागचे स्प्रिंग कडक करायचे, म्हणजे माल भरल्यावरही गाडी बसत नाही आणि संशय येत नाही. हे काम जमणारे मेकॅनिक आणि ती गाडी घाटरस्त्यांवर पळवणारे चालक हेच या खेळाचं पहिलं मनुष्यबळ होतं. डिसेंबर १९४७ मध्ये बिल फ्रान्सने डेटोना बीचच्या एका हॉटेलात बैठक बोलावली आणि १९४८ मध्ये नॅस्कार ही संस्था उभी राहिली. तिच्या सर्वोच्च मालिकेची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लटला झाली. तिथे पहिला आलेला ग्लेन डनवे अपात्र ठरला, कारण त्याच्या गाडीचे मागचे स्प्रिंग दारू वाहणाऱ्या गाडीसारखे बदललेले निघाले. विजय दुसऱ्या आलेल्या जिम रोपरला देण्यात आला. पहिल्याच शर्यतीचा विजेता असा ट्रॅकवर नव्हे, तर तपासणीच्या शेडमध्ये ठरला. घड्याळाची सत्ता या खेळात पहिल्या दिवसापासून मर्यादित होती, हे लक्षात ठेवायला हवं.

स्कॉटची घडण याच वाटेने झाली. त्याचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलला झाला. डॅनव्हिल हे तंबाखूचं आणि कापडगिरण्यांचं शहर. यादवी युद्धाच्या अखेरच्या दिवसांत दक्षिणेच्या बंडखोर सरकारची शेवटची राजधानी इथेच होती, आणि ती आठवण गाव अभिमानाने जपत आलं होतं. तिथल्या काळ्या तरुणापुढे गिरणीतलं नाहीतर तंबाखूच्या वखारीतलं हलकं काम सोडून फारसं काही नसायचं. स्कॉटला आयुष्य एखाद्या मालकाच्या भोंग्यावर काढायचं नव्हतं. वडील दोन श्रीमंत गोऱ्या घरांत चालक आणि मेकॅनिक होते, त्यामुळे हातात पाना लहानपणीच आला. तरुणपणी त्याने टॅक्सी चालवली. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यातर्फे युरोपात गेला, आणि तिथेही वर्णानुसार वेगळ्या ठेवलेल्या तुकडीत वाहनांचीच कामं केली. परत आल्यावर गॅरेज टाकलं आणि जोडीला हातभट्टीची वाहतूक सुरू केली. १९४९ मध्ये तो पकडला गेला आणि तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. एवढ्या वर्षांच्या धंद्यात तो सापडला तो या एकाच वेळी.

१९५२ मध्ये डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर शर्यती भरत, पण तिकिटं खपत नव्हती. आयोजकांनी डोकं लढवलं: गोऱ्यांच्या शर्यतीत एक काळा चालक उतरवला तर लोक पाहायला येतील. शहरातला सगळ्यात वेगवान काळा चालक कोण, हे त्यांनी पोलिसांना विचारलं, आणि पोलिसांना ते नाव चांगलंच ठाऊक होतं. २३ मे १९५२ रोजी स्कॉट पहिल्यांदा शर्यतीत उतरला. काही प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी हुर्यो उडवली. गाडी मध्येच बिघडली, पण त्याला हा खेळ मनापासून आवडला. काही दिवसांनी तो गाडी टो करून विन्स्टन-सेलमला गेला, तर तिथे नॅस्कारच्या अधिकाऱ्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. परतीच्या वाटेवर डोळ्यांत पाणी आल्याचं त्याने पुढे सांगितलं आहे. मग त्याने नॅस्कारबाहेरच्या छोट्या शर्यती धरल्या, आणि पहिल्या शर्यतीनंतर दोन आठवड्यांच्या आत लिंचबर्गला एक छोटी शर्यत जिंकलीसुद्धा. नॅस्कारचा परवाना त्याला मिळाला तो रिचमंडमध्ये. माइक पोस्टन नावाच्या तिथल्या अर्धवेळ अधिकाऱ्याने, पुढे काय काय सोसावं लागेल याची कल्पना देऊन, मुख्यालयाला न विचारता तो देऊन टाकला. स्कॉटसाठी दार उघडलं ते संस्थेच्या धोरणाने नाही. एका कनिष्ठ माणसाने आपल्या अखत्यारीत केलेली ती सही होती.

वेंडेल स्कॉट हा पहिला कृष्णवर्णीय चालक होता असं सर्रास लिहिलं जातं, ते तपासून घेतलेलं बरं. सर्वोच्च मालिकेत त्याच्या आधी १९५५ मध्ये इलायस बोवी आणि १९५६ मध्ये चार्ली स्कॉट एकेकदा उतरले होते. चार्ली त्याच्या नात्यातला नव्हता. ही दुरुस्ती वेंडेल स्कॉटचं मोठेपण कमी करत नाही. उलट त्याचं वेगळेपण नेमकं कशात आहे ते त्यातून कळतं. एकदा आत येणं आणि वर्षानुवर्षं आत टिकणं यांत फार फरक आहे. १९५९ मध्ये त्याने व्हर्जिनिया राज्याचं स्पोर्ट्समन गटाचं विजेतेपद मिळवलं, आणि ४ मार्च १९६१ रोजी स्पार्टनबर्गला ग्रँड नॅशनल या सर्वोच्च मालिकेत पाऊल ठेवलं. त्या हंगामात तो तेवीस शर्यती धावला. वर्षातला सर्वोत्तम नवखा चालक हा किताब मात्र वूडी विल्सनला मिळाला, ज्याच्या शर्यती हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच होत्या. हा किताब घड्याळ देत नाही, माणसं देतात. डार्लिंग्टनसारख्या प्रतिष्ठेच्या ट्रॅकवर तर त्याचा अर्ज पहिली काही वर्षं स्वीकारलाच गेला नाही. जिथे उतरूच दिलं जात नाही तिथे घड्याळ निष्पक्ष असून उपयोग काय?

नोंदणीनंतरचा अडसर पैशाचा, आणि तो समजून घेतल्याशिवाय विक्रमांच्या तक्त्यांना अर्थ लागत नाही. साठच्या दशकात फोर्ड, क्रायस्लर यांसारख्या कंपन्या आपल्या पसंतीच्या चालकांना गाड्या, इंजिनं, टायर आणि पगारी मेकॅनिक पुरवत. रविवारी शर्यत जिंकली की सोमवारी शोरूममध्ये गाडी खपते, हे त्यामागचं गणित. उरलेले सगळे स्वतंत्र चालक, म्हणजे स्वतःच्या खिशातून धावणारे. स्कॉटची गाडी बहुधा दुसऱ्या कुणीतरी एखादा हंगाम वापरून विकलेली असायची. जॅक्सनव्हिलला जिंकलेली शेव्हरोले १९६१ च्या हंगामाचा विजेता नेड जॅरेट याच्याकडून घेतलेली होती. टायर इतरांनी वापरून टाकलेले, सुटे भाग इकडून तिकडून जमवलेले, इंजिन स्वतः उघडून स्वतः बसवलेलं. पिटमध्ये पगारी माणसांच्या जागी त्याची मुलं, वेंडेल धाकटा आणि फ्रँक. दक्षिणेतल्या बऱ्याच गावांत त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे, उपाहारगृहात वाढत नसत, म्हणून डबा घरून आणि झोप ट्रकमध्ये. मैदानावरचं धोरणही याच गरिबीतून ठरायचं. पहिल्या क्रमांकासाठी इंजिन पिळून काढावं तर ते बसण्याचा धोका, आणि इंजिन बसलं तर पुढच्या रविवारी गाडीच नाही. गाडी जपत दहावा आला तर पेट्रोलचा आणि टायरचा खर्च निघतो आणि घरी चूल पेटते. घरात सात मुलं होती. ४९५ शर्यतींत १४७ वेळा पहिल्या दहांत येण्याचा हा अर्थ आहे. १९६४ च्या एका हंगामात तो ५६ शर्यती धावला. ज्या चालकाला प्रत्येक शर्यतीनंतर स्वतःच इंजिन खोलायचं असतं, त्याच्यासाठी हा आकडा काय आहे ते गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गरीब स्वतंत्र चालक काही स्कॉट एकटाच नव्हता. जे. डी. मॅकडफी ६५३ शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. बडी ॲरिंग्टनने ५६० शर्यतींत विजय पाहिला नाही. दोघेही गोरे. मग स्कॉटचं अपयश, किंवा त्याचा एकुलता एक विजय, वर्णामुळे की वर्गामुळे? माझ्या मते या प्रश्नातला 'की' चुकीचा आहे. पैसा नसलेल्याला हा खेळ निर्दयपणे वागवत होता, हे मान्यच करायला हवं, आणि स्कॉटबरोबर मागच्या रांगांत धावणाऱ्या कित्येक गोऱ्या चालकांची कहाणीही सांगायला हवी. पण गोऱ्या गरीब चालकासाठी एक शक्यता शिल्लक असायची: एखादी चांगली शर्यत मारली, एखाद्या गाडीमालकाच्या नजरेत भरलं, तर पुढच्या हंगामात चांगली गाडी मिळू शकेल. चांगल्या चालकाला चांगली गाडी आणि चांगल्या गाडीतून आणखी यश, अशी ही शिडी. स्कॉट राज्याचा विजेता झाला, सर्वोच्च मालिकेत शर्यत जिंकला, १९६६ मध्ये वर्षभराच्या गुणतक्त्यात सहावा आला, आणि पुढच्या तीन वर्षांतही पहिल्या दहांत राहिला. यातल्या एकाही पायरीवरून त्याला मोठ्या प्रायोजकाची कायमची गाडी मिळाली नाही. दक्षिणेतल्या गिऱ्हाइकाला गाडी विकायची आणि तिच्यावर काळ्या माणसाचा चेहरा लावायचा, हे धाडस एकाही मोठ्या कंपनीने त्याच्यासाठी नीट निभावलं नाही. गरिबीने सगळ्यांनाच शिडीच्या तळाशी ठेवलं होतं. स्कॉटच्या बाबतीत ती शिडीच काढून घेतली होती.

गोऱ्या गरीब चालकापेक्षा दुसरा फरक ट्रॅकवरच्या वागण्याचा. स्टॉक कार शर्यतीत गाड्या एकमेकींना घासतात, ढकलतात, आणि ढकललं तर उलट ढकलायचं हा तिथला अलिखित कायदा आहे. ज्याला कुणी घाबरत नाही त्याला जागा मिळत नाही. स्कॉटला हा कायदा पूर्णपणे वापरता येत नव्हता. हजारो गोऱ्या प्रेक्षकांसमोर काळ्या चालकाने गोऱ्याची गाडी भिंतीवर घातली, तर त्या संध्याकाळी मुलांना घेऊन गावाबाहेर पडणं अवघड झालं असतं. म्हणून वर्षानुवर्षं ठोकरा सोसून त्याने गाडी सरळ ठेवली. वेगाच्या खेळात संयमाची किंमत सेकंदांत मोजली जाते. तक्त्यात मात्र तो सरळसोट सतरावा किंवा विसावा क्रमांक म्हणून उमटतो.

हे सगळं मनात ठेवून आता जॅक्सनव्हिलकडे परत जाऊ. १९६३ चं ते वर्ष साधं नव्हतं. १० जूनला स्कॉटच्याच डॅनव्हिलमध्ये नागरी हक्कांसाठी जमलेल्या निदर्शकांवर पोलिसांनी पाण्याचे बंब सोडले आणि लाठ्या चालवल्या. त्या दिवसाला गाव आजही रक्ताळलेला सोमवार म्हणतं. जॅक्सनव्हिलने १९६० मध्ये रस्त्यावर कुऱ्हाडीचे दांडे घेऊन उतरलेला गोरा जमाव पाहिला होता. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येला जेमतेम नऊ दिवस झाले होते. नागरी हक्क कायदा व्हायला अजून सात महिने होते. शर्यतीत स्कॉट पंधराव्या जागेवरून निघाला. मातीच्या ट्रॅकवर फेऱ्या वाढत जातात तसे वळणांवर चर पडतात, स्टिअरिंग हाताला हिसके देतं, सस्पेन्शन तुटतं. तेव्हा नुसत्या ताकदीच्या गाडीपेक्षा गाडी जपू जाणणारा हात अधिक उपयोगी पडतो, आणि तो हात स्कॉटने गरिबीतून कमावला होता. पेटीच्या प्लिमथची तब्येत बिघडली तेव्हा त्याला ओलांडायला योग्य जागी होता तो स्कॉटच. विजेत्याला चषक देताना शहरातली एखादी सौंदर्यवती त्याच्या गालावर ओठ टेकत असे, हा तेव्हाचा रिवाज. त्या मंचावर काळा पुरुष आणि गोरी तरुणी एकत्र उभे राहतील, या कल्पनेनेच झेंडा लांबला, असं स्कॉट अखेरपर्यंत मानत आला.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की फेऱ्या मोजण्यात चूक होणं त्या काळी नवं नव्हतं. मोजणी हाताने व्हायची: गाडी समोरून गेली की मोजणाऱ्याने कागदावर वेळ टिपायची. धुळीत, गोंगाटात, मागे पडलेल्या आणि पुढे असलेल्या गाड्यांच्या सरमिसळीत गफलत व्हायचीच. १९५९ ची पहिली डेटोना ५०० आठवा. जॉनी बोशाँला विजेता म्हणून जाहीर केलं गेलं, आणि फोटो तपासून ली पेटी खरा विजेता असल्याचं सांगायला एकसष्ट तास लागले. तिथे तर दोघेही गोरे होते. हा आक्षेप खरा आहे, आणि जॅक्सनव्हिलला मोजणी मुद्दाम चुकवली गेली हे कागदोपत्री सिद्ध झालेलं नाही, हेही कबूल करतो. पण तुलना पूर्ण करू. डेटोनाला फरक दोन-तीन फुटांचा होता, फोटोशिवाय कळणं शक्यच नव्हतं. जॅक्सनव्हिलला फरक दोन फेऱ्यांचा, म्हणजे एका मैलाचा होता. डेटोनात चूक कळल्यावर दुरुस्ती सगळ्या जगासमोर झाली, आणि ली पेटीला त्याचा चषक आणि त्याचा मान मिळाला. जॅक्सनव्हिलला दुरुस्ती झाली ती रिकाम्या स्टँडसमोर. स्कॉटच्या कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार पुढे त्याच्या हाती आला तो नाव न कोरलेला साधा लाकडी तुकडा. चूक कुणाचीही होते. ती कशी निस्तरली जाते, यावरून चुकीमागचं मन कळतं. म्हणून हेतूचा पुरावा नसला तरी माझा निष्कर्ष बदलत नाही. अन्याय सिद्ध करायला कटाची गरज नाही, दुरुस्तीतली ढिलाई पुरेशी आहे.

तिसरा आक्षेप बिल फ्रान्सच्या बाजूने येतो. त्याने स्कॉटला बाहेर काढलं नाही. उलट, राले इथल्या आयोजकाने बाकीच्या चालकांना पेट्रोलसाठी पैसे दिले आणि स्कॉटला नाकारले, तेव्हा फ्रान्सने स्वतःच्या खिशातून पैसे काढून दिले आणि तू आता संस्थेचा सदस्य आहेस असं आश्वासन दिलं, हे स्कॉटनेच सांगितलं आहे. या प्रसंगावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. पण खिशातून दिलेले पैसे ही एका माणसाची दानत झाली, संस्थेचा नियम नव्हे. नियम असता तर राले इथल्या आयोजकाला जाब विचारला गेला असता आणि डार्लिंग्टनला स्कॉटचा अर्ज घ्यावाच लागला असता. हाच फ्रान्स १९७२ मध्ये वर्णभेदाचा झेंडा खांद्यावर घेतलेल्या जॉर्ज वॉलेसच्या अध्यक्षपदासाठीच्या फ्लोरिडातल्या प्रचाराची धुरा वाहत होता. व्यक्ती म्हणून सौजन्य आणि व्यवस्था म्हणून बेफिकिरी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. आपल्यालाही हे अनोळखी नाही.

यातूनच निघणारा आणखी एक बचाव म्हणजे 'तो काळच तसा होता'. इतिहासात हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि नेहमीच अर्धवट असतो. कारण त्याच काळात, त्याच दक्षिणेत, त्याच धुळीत माइक पोस्टनने परवाना दिला. नेड जॅरेटने गाडी विकली आणि दोस्ती ठेवली. अर्ल ब्रुक्ससारखा गोरा चालक स्कॉटच्या जोडीने प्रवास करत आणि मदत करत राहिला. या माणसांनी काही मोठी चळवळ उभारली नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाशी ते नीट वागले, इतकंच. काळ सगळ्यांसाठी एकच होता, तरी सगळे सारखे वागले नाहीत. म्हणजे वागणुकीची जबाबदारी काळावर टाकता येत नाही, ती माणसांकडेच राहते.

शेवटचा प्रश्न सगळ्यात रोखठोक: चांगली गाडी मिळाली असती तर स्कॉट खरोखर जिंकत राहिला असता का? १९७२ मध्ये शार्लटच्या वर्ल्ड ६०० साठी ज्युनिअर जॉन्सनच्या नावाजलेल्या गॅरेजमध्ये तयार झालेली शेव्हरोले त्याला चालवायला मिळाली, पण इंजिनाने दगा दिला आणि तो शर्यत पुरी करू शकला नाही. तोवर त्याचं वय पन्नाशीला टेकलं होतं. एका शर्यतीवरून आणि मावळत्या वयावरून काहीच ठरत नाही. मी असा दावा करणार नाही की चांगल्या गाडीत तो रिचर्ड पेटी झाला असता. पेटीने १९६७ च्या एका हंगामात सत्तावीस शर्यती जिंकल्या, आणि त्यामागे घराण्याचं गॅरेज, कंपनीचा पैसा आणि अस्सल प्रतिभा, तिन्ही होती. पण प्रश्नाचं उत्तर आपल्याला देता येत नाही, हीच व्यवस्थेविरुद्धची सगळ्यात मोठी साक्ष आहे. ज्या खेळाचा सगळा अभिमान मोजमापावर उभा आहे, त्याने आपल्या एका चालकाला कधी पुरतं मोजूनच पाहिलं नाही.

१९७३ मध्ये त्याने कर्ज करून आजवरची सगळ्यात चांगली गाडी घेतली, एक मर्क्युरी. ६ मे रोजी टॅलाडेगाला शर्यत सुरू होऊन थोड्याच फेऱ्या झाल्या असताना ढीगभर गाड्यांचा प्रचंड अपघात झाला आणि त्यात ती सापडली. कमरेचं हाड, बरगड्या, पाय असं बरंच काही मोडलं. शरीराबरोबर कर्जाची गाडीही गेली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो शार्लटला आणखी एकदा उतरला, बारावा आला आणि थांबला. १९७७ मध्ये रिचर्ड प्रायरला घेऊन त्याच्या आयुष्यावर 'ग्रीस्ड लाइटनिंग' हा चित्रपट निघाला, पण स्कॉट मात्र डॅनव्हिलमध्ये गॅरेज चालवत राहिला. २३ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने तो गेला. २०१५ मध्ये नॅस्कारने त्याला आपल्या 'हॉल ऑफ फेम' या मानवंदना दालनात स्थान दिलं. २०२० मध्ये ट्रॅकवर बंडखोर दक्षिणेचा झेंडा फडकवायला बंदी घातली. ऑक्टोबर २०२१ मध्ये टॅलाडेगाला, जिथे स्कॉटची कारकीर्द मोडली होती तिथेच, बबा वॉलेस सर्वोच्च मालिकेत शर्यत जिंकणारा दुसरा कृष्णवर्णीय चालक ठरला. पहिल्या आणि दुसऱ्या विजयात जवळपास अठ्ठावन्न वर्षांचं अंतर आहे. इतकी वर्षं दक्षिणेतल्या काळ्या मुलांना गाडीचा नाद नव्हता असं कुणी म्हणणार असेल तर म्हणो. मला ते अंतर घड्याळाच्या आधीच्या दारांचं दिसतं.

जॅक्सनव्हिलचा चषक नॅस्कारने अखेर दिला तो २८ ऑगस्ट २०२१ रोजी, डेटोनाच्या ट्रॅकवर, स्कॉटच्या कुटुंबीयांच्या हाती. दुसऱ्या दिवशी वेंडेल स्कॉट शंभर वर्षांचा झाला असता.